राघू बोलतो, पण राघूला कळतं का?

पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले गेले, ही कथा मराठवाड्यात लहान पोरालाही पाठ असते. कथेचा रोख अर्थात वेगळा आहे. वेद ही मूठभरांचीच मिरासदारी आहे असं मानणाऱ्यांना ते उत्तर होतं. त्यामुळे रेड्याला ऋचांचा अर्थ कळला का, असं कुणी विचारत नाही आणि विचारायचं कारणही नाही. पोपटाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न काही सुटत नाही. ज्या घरात राघू आहे तिथली माणसं छातीठोकपणे सांगतात, ‘समदं कळतंय त्याला.’ त्याच गावातल्या शाळेत मास्तर धडा घोकणाऱ्या पोराला म्हणतात, ‘नुसती पोपटपंची नको, समजून सांग.’

माझ्या मते घरचेही आणि मास्तरही राघूच्या अकलेचं माप त्याच्या बोलण्यावरून काढतात, आणि घोळ तिथंच होतो. पक्ष्याला बोलता येणं ही एक गोष्ट. त्या बोलण्याचा अर्थ लागणं ही दुसरी. आणि पक्षी हुशार असणं ही तिसरीच.

आधी बोलण्याचं बघू. माणसाचा आवाज गळ्यातल्या स्वरयंत्रातून निघतो. पक्ष्याचं आवाजाचं यंत्र त्याच्या बरंच खाली, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते त्या दुबेळक्यात असतं. त्याला सिरिंक्स म्हणतात. हवा जाताना त्यातले पातळ पडदे थरथरतात आणि आवाज उमटतो. हे यंत्र कोंबडीकडेही आहे, चिमणीकडेही आहे. पोपटाकडे त्याच्या जोडीला जीभ आहे. ज्वारीचा दाणा खाताना त्याच्याकडे जवळून बघा. दाणा तो वरच्या चोचीच्या आतल्या बाजूला टेकवतो, जाड मांसल जिभेनं हळूहळू गोल फिरवतो आणि खालच्या चोचीच्या धारेनं टरफल सोलून बाजूला टाकतो. दुसऱ्या फारशा कुठल्या पक्ष्याची जीभ इतकी कामाची नसते. हीच जीभ आवाज घडवायलाही उपयोगी पडते. ती जराशी पुढंमागं झाली तरी पोपटाचा आवाज बदलतो, हे २००४ साली प्रयोगातून दिसलं. आपले ‘अ’, ‘इ’, ‘उ’ असेच जिभेच्या जागेवर ठरतात. ओठ नसताना पोपट ‘प’ आणि ‘ब’ म्हणतो, हे मात्र ऐकताना अजूनही नवल वाटतं.

यंत्र असलं तरी ऐकून शिकणारा मेंदू हवा. कोंबडीच्या पिलाला कोंबडीचा आवाज शिकावा लागत नाही, तो उपजतच येतो. पक्ष्यांत ऐकून आवाज शिकणारे तीनच मोठे गट आहेत: पोपट, गाणाऱ्या पक्ष्यांचं मोठं कुळ (यात साळुंकी, बुलबुल आणि ऐकायला विचित्र वाटेल, पण कावळाही येतो) आणि अमेरिकेतले इवलेसे हमिंगबर्ड. पोपटाच्या मेंदूत या शिकण्याच्या केंद्राभोवती आणखी एक वेढा असतो, तो इतर दोन गटांत सापडत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हे मांडलं. पोपट इतरांपेक्षा सरस नकल्या का, याचं उत्तर बहुधा या वेढ्यात आहे.

आता खरा प्रश्न. नक्कल तो करतो कशासाठी?

हुरड्याच्या दिवसांत रानात उभं राहिलं की पोपटांचा थवा ज्वारीवर उतरताना दिसतो. माळ्यावरचा राखण्या गोफण फिरवतो, पत्र्याचा डबा बडवतो, हो-हो करून घसा बसवून घेतो. हे आवाज पोपट सगळा हंगाम ऐकतात. तरी रानातला पोपट उलटून ‘हो हो’ म्हणालेला मी तरी ऐकला नाही. गढीच्या पडक्या भिंतीतल्या भोकात वाढलेली पिलं खालच्या माणसांचं बोलणं जन्मापासून ऐकतात. त्यांच्याही तोंडी मराठी येत नाही. यंत्र तेच, मेंदू तोच. फरक एवढाच की त्यांच्याकडे त्यांची माणसं, म्हणजे त्यांचे पोपट आहेत.

पोपट थव्यात राहणारा प्राणी आहे. झाडीत एकमेकांना सापडायचं तर हाक लागते, आणि हाक ओळखीची असावी लागते. कार्ल बर्ग या संशोधकानं व्हेनेझुएलात पॅरटलेट नावाच्या चिमुकल्या पोपटांच्या घरट्यांत कॅमेरे लावले. त्यात असं दिसलं की प्रत्येक पिलाची स्वतःची अशी एक हाक असते, जणू नावच. ती हाक रक्तातून येते की आईबापांकडून, हे ठरवायला त्यांनी काही घरट्यांतली अंडी अदलाबदल केली. पिलांनी उचलली ती सांभाळणाऱ्या आईबापांची हाक, जन्मदात्यांची नव्हे. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे पोपटांत बारसं होतं, आणि ते पाळणाऱ्याच्या घरी होतं.

आता असं पिलू भोकातून काढून पिंजऱ्यात ठेवलं की काय होणार? त्याचा थवा म्हणजे तुमचं घर. त्या थव्यात जी हाक सगळ्यात जास्त ऐकू येते, जी म्हटल्यावर सगळे वळून बघतात, ती तो उचलतो. ‘राम राम’, ‘विठू विठू’, ‘कोण हाय?’, ‘चा ठेव’. कुकरची शिट्टी आणि मोबाइलची रिंगही त्याच हिशेबानं येते, कारण ती वाजली की घरातली माणसं लगबगीनं उठतात. राघूचं बोलणं हे आधी ‘मी तुमच्यातला आहे’ असं सांगणं असतं. शब्दाचा अर्थ त्यात असेलच असं नाही.

अशा घरातला संवाद बहुतेक असा होतो:

‘आजी, राघूला खरंच कळतं का गं?’

‘कळत नसतं तर तुझा बाप आल्यावरच बरं ‘चा ठेव’ म्हणला असता? दुसऱ्या कुणाला म्हणतो का?’

आजीचं निरीक्षण अचूक आहे. राघूनं गाडीचा आवाज, फाटकाची कडी आणि त्यानंतर रोज घडणारी गोष्ट यांची सांगड घातली आहे. ही काही कमी अक्कल नव्हे. पण ‘चा’ म्हणजे ते तपकिरी गरम पाणी, ‘ठेव’ म्हणजे गॅसवर ठेव, असं त्यानं जोडलं आहे का? हे कळायला सोपी युक्ती आहे. फाटकाची कडी न वाजवता बापानं मागच्या दारानं यावं. किंवा ‘विठू विठू’च्याच सुरात ‘किटू किटू’ म्हणून बघावं. बऱ्याच घरांत राघू सुराला आणि प्रसंगाला उत्तर देतो, शब्दाला नाही.

आणि यात दोष राघूचा नाही, आपल्या शिकवण्याचा आहे. आपण काय करतो? ‘विठू म्हण, विठू म्हण’ करतो आणि त्यानं म्हटलं की पेरूची फोड देतो. मग त्याच्या लेखी ‘विठू’चा अर्थ काय? पेरूची फोड! त्याला वेगळा अर्थ लागावा असं आपण काहीच केलेलं नसतं.

नेमकी हीच गोष्ट आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेनं उलटी फिरवली. १९७७ साली त्यांनी शिकागोतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातून वर्षभराचा एक आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट घेतला: राखाडी अंग, लाल शेपूट. नाव ठेवलं ॲलेक्स. त्याला शिकवायला दोन माणसं त्याच्यासमोर बसायची. एक जण हातात वस्तू धरून विचारायचा, ‘हे काय?’ दुसरा म्हणायचा, ‘कागद.’ की लगेच तो कागदच त्याच्या हातात. उत्तर चुकलं की कागद नजरेआड. मग दोघं भूमिका बदलायचे. ॲलेक्स बघत बसायचा. आपल्याला सोडून दुसऱ्यालाच सगळं मिळतंय, हे काही पोपटाला सोसवत नाही. तोही मध्ये तोंड घालायचा. ‘कागद’ म्हटलं की त्याला कागदच मिळायचा, कुरतडायला. खाऊ नाही. शब्द आणि वस्तू यांच्यामध्ये पेरूची फोड येऊच दिली नाही, यातच या पद्धतीची सगळी खुबी आहे.

पुढच्या तीस वर्षांत ॲलेक्स पन्नासेक वस्तूंची नावं, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतचे आकडे शिकला. सगळं मिळून त्याचे शब्द शंभराच्या आसपास. हे काही फार नाही. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या एका बजरीगर जातीच्या चिमुकल्या पोपटाच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम आहे. पण शब्दांची मोजणी इथं कामाचीच नाही. ॲलेक्सचं वेगळेपण असं की त्याला कधी न पाहिलेल्या दोन वस्तू दाखवून ‘यात सारखं काय?’ विचारलं तर तो ‘रंग’ म्हणायचा, ‘वेगळं काय?’ विचारलं तर ‘आकार’. तीच जोडी, प्रश्न बदलला की उत्तर बदलायचं. याचा अर्थ तो वस्तूला नाही, प्रश्नाला उत्तर देत होता. केळं मागितल्यावर शेंगदाण्यासारखं काही दिलं तर ते फेकून देऊन पुन्हा केळंच मागायचा. अशा चाचण्यांत त्याची साधारण दहांतली आठ उत्तरं बरोबर यायची.

मला त्याचा सगळ्यात आवडलेला प्रसंग आकड्यांचा आहे. थाळीत वेगवेगळ्या रंगांचे ठोकळे: एका रंगाचे दोन, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे सहा. प्रश्न होता, ‘तीन कोणत्या रंगाचे?’ ॲलेक्स म्हणाला, ‘पाच.’ पुन्हा विचारलं, पुन्हा ‘पाच.’ थाळीत पाच ठोकळ्यांचा गट नव्हताच. वैतागून पेपरबर्ग यांनी विचारलं, ‘बरं, पाच कोणत्या रंगाचे?’ ॲलेक्सचं उत्तर: ‘एकही नाही.’ हा शब्द त्याला ‘सारखं-वेगळं’च्या खेळात, काहीच सारखं नसलं तर म्हणायला शिकवला होता. तो त्यानं स्वतःहून मोजणीत आणला, आणि त्यासाठी विचारणाऱ्यालाच प्रश्न विचारायला भाग पाडलं. कंटाळा आला की तो मुद्दाम बरोबर उत्तर सोडून बाकीचे सगळे रंग म्हणून दाखवायचा, असंही त्यांनी नोंदवलंय. वर्गात असा एखादा पोरगा प्रत्येक मास्तरांनी पाहिलेला असतो.

यावर शंका घेणारे होतेच, आणि घ्यायलाच हवी. माळेगावच्या यात्रेत खंडोबाचं दर्शन घेऊन बाहेर पडलं की पोपटवाला ज्योतिषी भेटायचा. पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट डुलत बाहेर यायचा, चोचीनं दोन-चार पाकिटं चाळायचा, एक ओढून मालकाच्या हाती द्यायचा, दाणा घ्यायचा आणि मुकाट आत जायचा. पत्रिका पोपटाला कळत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याला कळतो तो मालकाचा हात: कधी थांबायचं, कधी ओढायचं, दाणा कधी मिळेल. बर्लिनमध्ये शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हान्स नावाचा घोडा असाच गाजला होता. गणित विचारलं की तो खुरानं टापा मोजून उत्तर द्यायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की घोडा विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे बघत असतो. बरोबर आकडा आला की माणूस नकळत सैलावतो आणि घोडा थांबतो. मालक लबाड नव्हता. त्यालाही पत्ता नव्हता.

हे लक्षात ठेवूनच ॲलेक्सच्या चाचण्या बेतल्या होत्या. थाळी एक जण दाखवायचा आणि मुख्य शिक्षिका पाठ फिरवून बसायची. ॲलेक्स काय म्हणाला ते ती थाळी न बघता मोठ्यानं सांगायची. शिवाय पाय आपटून मोजणाऱ्याला ‘थांब’चा इशारा पुरतो, पण ‘निळा’ हा शब्द चेहरा बघून सुचत नाही. तरीही काही अभ्यासक म्हणत राहिले की ही हुशार सवय आहे, भाषा नव्हे. आणि गंमत म्हणजे ‘भाषा’ असा दावा पेपरबर्ग यांनीही केला नाही. त्या नेहमी ‘इंग्रजी शब्दांची लेबलं’ असंच म्हणत आल्या. ॲलेक्सला व्याकरण नव्हतं, काल काय झालं ते तो सांगत नव्हता, गोष्ट रचत नव्हता.

६ सप्टेंबर २००७ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला. आदल्या संध्याकाळी निरोप घेताना तो म्हणाला होता, ‘नीट राहा, उद्या भेटू, माझं तुझ्यावर प्रेम आहे.’ जगभरच्या वर्तमानपत्रांनी हे वाक्य उचललं. खरं तर हे वाक्य तो रोजच म्हणायचा. इथं आजीचा ‘चा ठेव’ पुन्हा लागू होतो: निरोपाच्या वेळेचे निरोपाचे आवाज. ज्या पक्ष्याला ‘एकही नाही’ कळत होतं, त्याला ‘प्रेम’ त्याच अर्थानं कळत असेल असं मी म्हणणार नाही. एकाच पोपटाच्या तोंडी काही शब्द समजून येतात आणि काही नुसते सवयीनं. आपल्याही बोलण्यात ‘कसं काय, बरंय ना?’ कितीदा अर्थासाठी असतं?

२०२२ साली जवळपास ९०० पाळीव पोपटांची माहिती मालकांकडून गोळा केली गेली. आफ्रिकन ग्रेचे शब्द सरासरी साठच्या घरात निघाले, आणि बहुतेक मालकांनी सांगितलं की आमचा पोपट योग्य वेळी योग्य शब्द वापरतो. मालकांच्या सांगण्याला किती वजन द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

एवढ्याशा डोक्यात हे मावतं कसं? विसाव्या शतकाचा बराचसा काळ शास्त्रज्ञांचंही मत पाखराच्या अकलेबद्दल वाईटच होतं. लुडविग एडिंगर या जर्मन अभ्यासकाच्या मांडणीनुसार पक्ष्याचा मेंदू म्हणजे जवळपास सगळा उपजत प्रेरणांचा कारखाना. विचार करणारा वरचा थर त्यात नाहीच. मेंदूच्या भागांची नावंसुद्धा याच समजुतीवर ठेवली गेली होती. ती २००४-०५ मध्ये जाणकारांनी एकत्र येऊन बदलली. मग २०१६ साली प्रागच्या संशोधकांच्या पुढाकारानं २८ जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या गेल्या. पोपटांच्या आणि कावळ्यांच्या मेंदूत चेतापेशी विलक्षण दाटीनं बसलेल्या असतात, असं निघालं. अक्रोडाएवढा मेंदू असलेल्या मकाव पोपटाच्या पुढच्या मेंदूत लिंबाएवढा मेंदू असलेल्या माकडापेक्षा जास्त चेतापेशी आहेत. उडायचं असल्यानं वजन वाढवणं परवडत नव्हतं. पेशीच लहान आणि दाट झाल्या.

इथं पोपटाला थोडं बाजूला ठेवून कावळ्याकडे बघायलाच हवं, कारण न बोलता शहाणपणात तो पोपटाच्या बरोबरीला बसतो. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण पहिलीदुसरीत वाचतो. २००९ मध्ये केंब्रिजच्या अभ्यासकांनी कावळ्याच्या कुळातल्या रूक पक्ष्यांसमोर नळीत पाणी आणि त्यावर तरंगती अळी ठेवली. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं, त्यातही मोठे खडे आधी वापरले, आणि नळीत पाण्याऐवजी भुसा भरल्यावर तिकडे खडे टाकायचं लवकरच सोडून दिलं.

गोदाकाठी गंगाखेडला किंवा नांदेडला दहाव्याच्या विधीला गेलेल्या माणसाला पिंडाला न शिवणारा कावळा माहीत असतो. ‘लेकीचं लग्न नीट लावून देऊ’, ‘वाटणीवरनं भांडणार नाही’, एकेक शब्द दिला जातो आणि कावळा झाडावरून बघत राहतो. श्रद्धेच्या बाजूला हात न लावता कावळ्याच्या बाजूनं एवढं सांगता येईल की समोर पंचवीस-तीस माणसं टक लावून बघत उभी असताना अन्नापाशी उतरणं त्याला धोक्याचं वाटतं. माणसांची नोंद तो फार बारीक ठेवतो. सिॲटलमध्ये जॉन मार्झलफ यांच्या गटानं २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि पायात ओळखीचे वळे घालून सोडून दिले. त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे कालवा करायचे. साध्या मुखवट्याकडे मात्र ढुंकून बघायचे नाहीत. ज्यांनी ती पकडापकड पाहिलीच नव्हती, ते कावळेही इतरांचं बघून त्या चेहऱ्यावर चिडायला शिकले. आणि हाच चाणाक्ष पक्षी कोकिळेचं पोर आपलं म्हणून वाढवतो, एवढं मात्र त्याला कळत नाही.

कोतवाल पक्ष्याच्या एका आफ्रिकी भाऊबंदानं तर नकलेचा धंदाच केलाय. कालाहारीच्या वाळवंटात तो दुसऱ्या प्राण्यांच्या ‘शत्रू आला’ या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. ते खाणं टाकून पळाले की उचलून नेतो. त्याच्या दिवसभराच्या पोटापैकी जवळपास पाव हिस्सा अशा चोरीतून भरतो. एक थाप चालेनाशी झाली की आवाज बदलतो. आपल्याकडे गुरांच्या पाठीवर बसलेला काळा कोतवाल त्याच कुळातला.

हे वाचून कुणाला राघू पाळून शिकवावंसं वाटलं तर दोन गोष्टी आधीच सांगतो. आपला कंठवाला पोपट, मोठा पहाडी पोपट किंवा टोई पोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग तो पिढ्यान्पिढ्या घरात असला तरी. बाजारात विकायला येणारी पिलं कुठल्या तरी ढोलीतून ओढलेलीच असतात. आफ्रिकन ग्रेच्या जंगली पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६च्या निर्णयानं बंदी आली. घरात असे परदेशी पोपट असतील तर त्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करावी लागते. दुसरी गोष्ट, आफ्रिकन ग्रे पन्नास-पन्नास वर्षं जगू शकतो. म्हणजे आज चाळिशीत घेतलेला पोपट पुढं कुणाकडे राहणार, हे आधीच ठरवून ठेवायला हवं. आणि घरातली सगळी माणसं कामाला गेली की दिवसभर त्याच्याशी बोलणार कोण, हेही. एकट्या पडलेल्या पोपटाला स्वतःची पिसं उपटायची खोड लागते. पशुवैद्याकडे असे पक्षी नेहमी येतात. गढीखाली किंवा रस्त्यात पडलेलं पिलू सापडलं तर ते घरी ठेवू नका, वनविभागाला कळवा. पंख फुटलेले असतील तर बहुतेकदा आईबाप जवळच्याच झाडावर ओरडत असतात, आणि पिलाला उंच फांदीवर ठेवून लांब होणं एवढंच पुरतं.